मुळं तुटलेल्या आंब्याला काय द्यायचं नाही

प्रश्न : आमचं घर नाशिकला गंगापूर रोडला आहे. मागच्या अंगणात सासऱ्यांनी लावलेला केशर आहे, चौदा-पंधरा वर्षांचा. एप्रिलच्या शेवटी ड्रेनेजची नवी लाइन टाकायला जेसीबी बोलावला. त्या दिवशी आम्ही नेमके घरी नव्हतो. येऊन पाहतो तर खोडापासून जेमतेम तीन फुटांवर, कंपाउंडच्या बाजूने, कमरेएवढा खोल चर. मनगटाएवढी मुळं तुटून लोंबत होती. पाइप टाकून झालाय. अर्धा चर अजून उघडाच आहे आणि अर्ध्यात मिस्त्रीने राडारोडा लोटलाय. आता दहा दिवसांनी त्या बाजूची पानं मलूल दिसतात, थोडी गळतायत. झाडावर शंभरेक कैऱ्या आहेत, त्यांना हात लावायला सासूबाई तयार नाहीत. शेजारचे काका म्हणतात युरिया-डीएपी द्या आणि पाणी भरपूर सोडा, म्हणून रोज नळी लावून ठेवतो. माळी म्हणतो, झाड अर्धं छाटून टाका. नर्सरीत मुळं फुटायच्या औषधाची साडेआठशेची बाटली दाखवली. यातलं काय करू? झाड वाचेल ना?

उत्तर :

ताई, आधी नळी बंद करा. युरियाची पिशवी आणली असेल तर फोडू नका आणि माळ्याला तूर्त सुट्टी द्या. मग पुढचं वाचा.

तुम्ही एकच प्रश्न विचारलाय, पण त्यात दोन आहेत. झाड जगेल का, हा पहिला. ते उभं राहील का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुधा होय. आंबा चिवट असतो, तुमच्या झाडाची तीन बाजूंची मुळं शाबूत आहेत आणि हा उष्ण महिना नव्या मुळ्या फुटायला वाईट नाही. दुसऱ्याचं उत्तर तुम्हालाच झाडाजवळ उभं राहून काढावं लागेल. ते कसं, ते पुढे सांगते.

चरात लोंबणारी जाड मुळं बघून आपल्याला धक्का बसतो, पण पाणी पिण्याचं काम ती करत नाहीत. ती झाड धरून ठेवतात आणि पाण्याची ने-आण करतात. पाणी पितात त्या त्यांच्या टोकाला असलेल्या, दोऱ्यासारख्या बारीक मुळ्या. आंब्याच्या अशा बहुतेक मुळ्या जमिनीच्या वरच्या दोन फुटांत असतात आणि पार फांद्यांच्या घेराच्या कडेपर्यंत, कधी त्याही पलीकडे पसरतात. म्हणजे खोडापासून तीन फुटांवर मूळ तुटलं, तर त्याच्यापुढचं सगळं जाळं एका झटक्यात गेलं. वर पानं तितकीच आहेत, ऊन मे महिन्याचं आहे आणि शंभर कैऱ्या पोसायच्या आहेत. आवक घटली आणि खर्च तोच राहिला, म्हणून पानं मलूल. तेव्हा सध्याचा सगळा उपचार दोनच गोष्टींसाठी आहे : झाडाचा खर्च कमी करायचा, आणि उरलेल्या मुळ्यांना जमिनीत सुखाने राहता येईल असं बघायचं. झाडाच्या पोटात काहीतरी ढकलण्याची ही वेळ नाही.

चराचं काम आजच धरा, मिस्त्रीच्या पुढच्या आठवड्याची वाट बघू नका. जेसीबीचा दात मूळ कापत नाही, ओढून फाडतो. फाटलेलं मूळ पुष्कळदा खोडाकडे वीत-दीड वीत उभं चिरत गेलेलं असतं आणि त्या चिरेतूनच कूज आत शिरते. लहान आरी घ्या, धार असलेली. अंगठ्याएवढं आणि त्याहून जाड प्रत्येक तुटलेलं मूळ मागे मागे कापत या. काप तपकिरी, कोरडा, भुसभुशीत दिसला तर अजून दोन बोटं मागे. काप पांढरट आणि ओलसर दिसला, साल लाकडाला घट्ट चिकटलेली दिसली, की तिथं थांबा. दहा दिवस उघड्यावर राहिल्याने टोकं वाळलेलीच असणार, त्यामुळे थोडं मागे यावंच लागेल. पण सरळ दिसावं म्हणून चांगलं मूळ तोडत बसू नका. नव्या मुळ्या या ताज्या कापाच्या लगेच मागून फुटतात, म्हणून काप स्वच्छ हवा आणि ओला राहायला हवा. चर बुजेपर्यंत त्यावर भिजवलेलं गोणपाट टाकून ठेवा.

जाड कापांना बोर्डो पेस्ट लावलीत तर उत्तम. घरी होते : १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत. लोखंडाचं किंवा पत्र्याचं भांडं अजिबात नको. चुना विरताना उकळतो आणि उडतो, म्हणून हातमोजे घाला आणि नातवंडांना लांब ठेवा. चुना निवला की दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतत ढवळा. आता त्यात लोखंडी विळ्याचं पातं मिनिटभर बुडवून बघा. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं आहे, आणखी थोडी चुन्याची निवळी घाला. पातं तसंच निघालं की पेस्ट तयार. उरलेली पेस्ट खोडाला जमिनीपासून दोन-तीन फूट लावून टाका. पानं गळाल्यावर उघड्या पडलेल्या सालीला ऊन लागतं, तेही वाचेल.

आणि तो राडारोडा. हे मला मुळं तुटण्याइतकंच जाचतंय. विटांचे तुकडे एक वेळ चालतील, पण सिमेंटची खरड आणि चुना झाडाच्या मुळाशी गेला तर माती खारवट-चुनखडीची होते, लोह मिळत नाही, आणि पुढच्या वर्षी पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल. तेव्हा मजूर लावून राडा उपसून काढा. चर बुजवायला त्यातूनच निघालेली काळी माती वापरा, फार तर चार घमेल्यांना एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत. ओलं शेण नको, ते कुजताना तापतं. थर टाकत पायाने हलके दाबा, धुम्मस (माती ठोकायचं जड अवजार) मारू नका. आणि माती आजूबाजूपेक्षा चार बोटं वर राहू द्या, कारण ती बसणार. खळगा राहिला तर पहिल्याच पावसात अंगणाचं सगळं पाणी त्या चरात येऊन मुरेल आणि ताज्या कापांवर साचेल.

आता पाणी. काकांचा सल्ला मनापासून आहे, पण आपल्याकडची काळी माती ओळखून दिलेला नाही. ही माती पाणी धरते, सोडत नाही. रोज नळी लावली की मातीतली हवा निघून जाते आणि उरलेल्या तीन बाजूंच्या चांगल्या मुळ्याही गुदमरतात. मग पानं आणखी मलूल होतात आणि आपण आणखी पाणी सोडतो. द्राक्षवाला कुठलाही शेतकरी सांगेल, मुळीला वाफसा लागतो. ओल हवी आणि हवाही हवी. खुरप्याने फांद्यांच्या कडेखाली वीतभर खोल माती काढा आणि मुठीत दाबा. गोळा होऊन बोटांना चिकटली तर पाणी नको. गोळा झाला पण अंगठ्याने टिचकी मारल्यावर फुटला, तर दोन दिवस थांबा. गोळाच झाला नाही, तर पाणी द्या. मातीला आंबूस वास आला, तर आधीच जास्त झालंय. चार-सहा दिवस काहीच नको.

द्यायचं तेव्हा खोडाशी नको. शाबूत बाजूंना फांद्यांच्या कडेखाली, ठिबकच्या नळीने सावकाश. एका वेळी दीडशे-दोनशे लिटर हा अंदाज धरा, पण पुढचं पाणी कधी हे वरची मूठ ठरवेल. बुजवलेल्या चराच्या बाजूलाही थोडं द्या, तिथं नव्या मुळ्या यायच्या आहेत. वरून उसाचं पाचट किंवा वाळका पाला चार बोटं जाड अंथरा, खोडापासून मात्र वीतभर लांब ठेवा. कोरड्या पाचटाला वाळवी लागते, म्हणून आठवड्यातून एकदा उचलून बघायचं. माझ्या मते या सगळ्या उपचारांत सर्वांत जास्त गुण कुणाचा येत असेल तर या आच्छादनाचा. बाटलीला साडेआठशे घालवण्यापेक्षा पाचटाच्या दोन गोण्या आणि ठिबकची नळी घ्या, पैसे उरतील. बाटलीत बहुतेक ह्युमिक ॲसिड असतं. ते विष नाही, पण तुटलेलं मूळ जोडणारं औषधही नाही. ट्रायकोडर्मा, म्हणजे कूज रोखणारी उपयोगी बुरशी, वापरायचा असेल तर शेणखतात मिसळून, ओल्या गोणपाटाखाली आठवडाभर ठेवून, चराच्या मातीत घाला. फक्त त्याच जागी बोर्डो ओतू नका, ताम्र त्या बुरशीलाही मारतं.

युरिया का नको? तापातून उठलेल्याला पुरणपोळीचं ताट वाढण्यातला तो प्रकार आहे. नत्र मिळालं की झाड कोवळी पालवी फेकतं, त्या पालवीला आणखी पाणी लागतं, आणि ते आणायला मुळ्या नाहीत. शिवाय मातीतले क्षार वाढले की आधीच तहानलेल्या मुळीला पाणी ओढणं अवघड जातं. डीएपीचं स्फुरद मुळ्या वाढवतं असं सगळे म्हणतात. काळ्या मातीत वरून टाकलेलं स्फुरद आहे त्या जागीच अडकून बसतं, तुमच्या झाडाला आज त्याचा उपयोग नाही. खताचं नाव पाऊस स्थिरावेपर्यंत काढू नका. जुलैत पालवी येऊन पानं पक्की झाली, की फांद्यांच्या कडेखाली दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत पसरा. रासायनिक काही द्यायचंच असेल तर ते पुढच्या वर्षी, आणि नेहमीच्या निम्मं.

माळ्यावर मी रागावलेली नाही. नाशिकचा माळी द्राक्षाच्या बागेत तयार झालेला असतो. त्याने दर एप्रिलला खरड छाटणीत, म्हणजे उन्हाळ्यातल्या मोठ्या छाटणीत, वेल पार बोडका होताना आणि तरीही जोमाने फुटताना पाहिलाय. बोदाशेजारी (वेलांच्या ओळीच्या वरंब्याशेजारी) चर घेऊन जुन्या मुळ्या तोडायच्या, शेणखत भरायचं आणि पांढरी मुळी सुटायची वाट बघायची, हेही त्याला माहीत असतं. पण द्राक्षवेल आपलं अन्न ओलांड्यात (तारेवरच्या आडव्या फांद्यांत) आणि खोडात साठवून ठेवतो, छाटणी त्या साठ्यावर फुटते. आंबा बारमाही हिरवा. त्याची कमाई पानांची, आणि नव्या मुळ्या बनवायला लागणारं अन्न पानांतूनच खाली येतं. मुळ्या फुटा, हा निरोपही कोवळ्या शेंड्यांकडून जातो. अर्धं झाड छाटलंत तर मुळं तोडली जेसीबीने आणि स्वयंपाकघर बंद केलं आपण, असं होईल. आता फक्त मेलेली, मोडलेली, एकमेकींवर घासणारी फांदी काढा. मलूल फांदी म्हणजे मेलेली फांदी नव्हे. नखाने साल खरवडा, आत हिरवं दिसलं तर राहू द्या.

कैऱ्या मात्र काढाव्या लागतील, सगळ्या. हे सासूबाईंना सांगणं तुमच्या वाट्याला आलंय, त्याबद्दल सहानुभूती आहे. झाडाचा सर्वांत मोठा खर्च कोय भरण्यावर होतो आणि कैरी काढल्याने झाडाचं एकही पान कमी होत नाही. पन्हं, मेथांबा, तक्कू, साखरांबा, लोणचं. शंभर कैऱ्यांचं काय करायचं हे त्यांना मी शिकवू नये. झाड सासऱ्यांच्या हातचं आहे, म्हणून ते टिकवायचंय, असंच सांगा. फारच मन मोडत असेल तर शाबूत बाजूच्या फांद्यांवर दहा-बारा राहू द्या. पुढच्या पौषात मोहोर खूप आला तर हुरळून जाऊ नका. ताणात असलेला आंबा पुष्कळदा जास्तच फुलतो. त्या वर्षीही फळं थोडीच ठेवायची. आणि कुणी कल्टार, म्हणजे वाढ रोखून मोहोर आणणारं औषध, सुचवलं तर निदान दोन वर्षं दारात उभं करू नका.

आता तो दुसरा प्रश्न, उभं राहण्याचा. खोडाला छातीच्या उंचीवर दोरी गुंडाळून घेर मोजा आणि तिनाने भागा, म्हणजे जाडी कळेल. चर जर या जाडीच्या तिप्पट अंतरापेक्षा जवळ असेल तर झाडाची पकड खरोखर ढिली झालीय असं समजा. तुमच्या झाडाचा घेर तीन फूट असला तर जाडी एक फूट आणि तिप्पट म्हणजे तीन फूट. म्हणजे तुम्ही अगदी काठावर आहात. कंपाउंडची ती बाजू कुठल्या दिशेला आहे, हे तुम्ही लिहिलं नाहीत. पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला असेल तर काळजी जास्त, कारण आपल्याकडे पावसाळी वारा तिकडून येतो आणि वाऱ्याच्या बाजूची मुळंच झाडाला ओढून धरतात. वळवाचा वारा तर कुठूनही येतो.

बऱ्यापैकी वारा सुटेल तेव्हा लांबून उभं राहून खोडाच्या बुंध्याकडे बघा. शेंड्याकडे नको, बुंध्याकडे. माती वर-खाली होते का, चंद्रकोरीसारखी नवी भेग पडलीय का, खोड आधीपेक्षा कललंय का? जुना कल, ज्यात खोड वळून पुन्हा सरळ गेलेलं असतं, तो चालतो. गेल्या पंधरवड्यातला कल चालत नाही. यातलं काही दिसलं तर झाडाखाली सासूबाईंची खुर्ची असेल तर ती आजच हलवा, गाडी त्या बाजूला लावू नका, आणि मोठ्या झाडांचं काम करणाऱ्या जाणत्या माणसाला दाखवा. अशा वेळी मात्र चराच्या विरुद्ध बाजूला लांब गेलेल्या फांद्यांची टोकं थोडी कमी करून वजन उतरवणं योग्य. वर मी छाटू नका म्हटलं, त्याला हा एवढाच अपवाद.

नुसती शंका असेल तर तीन दिशांना खुंट ठोकून, खोडाच्या दोन-तृतीयांश उंचीवरून दोर बांधा. खोडाभोवती टायरची जुनी ट्यूब किंवा गोणपाट घाला, नाहीतर दोर सालीत रुतेल. दोर ताठ नको, झाडाला थोडं हलू द्यावं लागतं, त्यानेच नवी मुळं घट्ट होतात. वर्षभराने सोडायचे, विसरायचे नाहीत.

पुढचे काही महिने काय बघायचं? पान थोडं गळेल, त्या बाजूचे काही शेंडे वाळतील, त्याने घाबरू नका. पावसाळा लागल्यावर तांबूस पालवी आली आणि तिची लांबी शाबूत बाजूसारखीच दिसली तर गाडी रुळावर आहे. आखूड आली, पानं लहान राहिली, तर अजून एक वर्ष जपायचं. बुंध्याशी लाकडाचा भुसा पडलेला दिसला किंवा खोडाच्या भोकातून डिंक वाहताना दिसला तर भिरूड, म्हणजे खोड पोखरणारा किडा, आलाय. अशक्त झाड तो बरोबर हेरतो. भोकात तार घालून अळी काढता येते, पण लवकर दिसली तर. आणि बरं दिसतंय म्हणून दुसऱ्या वर्षी लक्ष काढून घेऊ नका, मुळांच्या इजेचा परिणाम दोन-तीन वर्षांनीही वर येतो. शंका आली तर पानं, माती आणि बारीक मुळ्यांचा नमुना घेऊन मुक्त विद्यापीठाच्या कृषी विज्ञान केंद्रात जा, तुमच्यापासून लांब नाही. झाड काढायचीच वेळ आली तर झाड तुमच्या अंगणातलं असलं तरी १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार आधी महापालिकेची परवानगी घ्यावी लागते. मिस्त्रीच्या भरवशावर करवत लावू नका.

त्याच मिस्त्रीला आणखी एक सांगा. चर बुजवल्यावर त्यावर पेव्हर ब्लॉक बसवायचा बेत असेल तर खोडाभोवती पाच फुटांचा गोल तरी उघडा राहिला पाहिजे, आणि खाली काँक्रीटचा कोबा नको.

ज्या वाचकांच्या अंगणात जेसीबी अजून यायचाय, त्यांच्यासाठी : आदल्या दिवशी झाडाच्या फांद्यांच्या कडेखालून चुन्याच्या फक्कीने गोल आखा. त्या गोलात यंत्र येणार नाही, हे पैसे ठरवतानाच बोलून घ्या. पाइप दुसरीकडून नेता येत नसेल तर गोलातला भाग मजुरांकडून कुदळीने खणून घ्या आणि जाड मूळ लागलं की ते न तोडता त्याच्या खालून बोगद्यासारखी वाट काढून पाइप सरकवा. एका दिवसाची मजुरी जास्त जाते. आणि त्या दिवशी घरातलं कुणीतरी घरी थांबा.